घाट तोच, बारी नवी

कांद्याला राजकारण कळतं की नाही, देव जाणे. राजकारणाला मात्र कांदा कळतो, हे तारखा लावून बघितलं की पटतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत मार्चअखेरची होती, ती वाढवली. मग ४ मे २०२४ ला बंदी एकदम उठली, आणि आमच्या शिरूर लोकसभा मतदारसंघात मतदान होतं १३ मे ला. मध्ये नऊ दिवस. तेवढ्या दिवसांत कांदा बराखीतून निघून, निवडून, गोणीत भरून, मंचरच्या मार्केटात विकला जाऊन, न्हावाशेव्याहून जहाजात बसून दुबईला पोचतो का, हा विषय कळंबच्या पारावर चांगला दोन संध्याकाळी पुरला. शेवटी एका तात्यांनी निकाल दिला, "कांदा नाय पोचत. बातमी पोचती."

आधी एक खुलासा. कळंब नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. धाराशिवकडे एक, यवतमाळकडे एक, दोन्ही तालुक्याची ठिकाणं. आमचं कळंब आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगावच्या मधलं. शेजारून घोड नदी, वर डिंभे धरण, खाली ऊस, कांदा आणि टोमॅटो. इतर कळंबांतल्या पुढाऱ्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही. आमचेच आम्हाला पुरून उरतात. रस्त्यावरचं गाव असल्याचा एक फायदा मात्र आहे. पुढारी मुंबईला जाताना एका पक्षात असतो आणि येताना दुसऱ्या, हे पेपरात छापून यायच्या आधी आम्हाला गाडीच्या काचेवरून कळतं. काचेवर जुन्या स्टिकरचा चिकट चौकोन राहिलेला असला, की समजायचं, घाईत झालंय.

भूमिका बदलली, असं कुठलाही पुढारी म्हणत नाही. त्यासाठी वेगळी बोली आहे आणि ती आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही येते. "माझी भूमिका पहिल्यापासून हीच आहे" हे वाक्य कानावर आलं की ओळखायचं, काल रात्री बदलली. "कार्यकर्त्यांशी चर्चा करून निर्णय घेईन" म्हणजे निर्णय झालाय, कार्यकर्त्यांना सांगायचं तेवढं राहिलंय. "तालुक्याच्या विकासासाठी" असे शब्द आले, म्हणजे शपथविधीही उरकला. कायद्याचीही आडकाठी नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी जाते. मत सोडणाऱ्याचं काहीच जात नाही. ज्याने कायदा लिहिला त्याला मत ही सोडण्यासारखी वस्तू आहे हे सुचलं नसावं, किंवा चांगलंच सुचलं असावं.

आता आमचा मतदारसंघ घ्या. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना कागद-पेन लागतं.

शिवाजीराव आढळराव पाटील आमच्याच तालुक्यातले, लांडेवाडीचे. आधी राष्ट्रवादीत. २००४ ला शिवसेनेत गेले आणि खासदार झाले. २००९ ला झाले, २०१४ ला झाले. दिलीप वळसे पाटील हेही आमच्याच तालुक्यातले, १९९० पासून आंबेगावचे आमदार, एकेकाळी शरद पवारांचे स्वीय सहायक, पुढे विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री. आढळराव धनुष्यबाणावर, वळसे पाटील घड्याळावर. अशी दोन दशकं गेली. या दोन दशकांत आमच्याकडे सोयरिकी जमल्या नाहीत, विहिरीवरच्या पाळ्या मोडल्या, सोसायटीच्या निवडणुकीत सख्ख्या भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, का, तर एक भाऊ बाणाचा आणि एक घड्याळाचा.

२०१९ ला राष्ट्रवादीने डॉ. अमोल कोल्हे यांना उभं केलं. डॉक्टर नारायणगावचे, टीव्हीवरचे संभाजी महाराज, आणि निवडणुकीच्या थोडं आधीपर्यंत शिवसेनेचे उपनेते. म्हणजे कालचा सेनेचा माणूस घड्याळावर, समोर आजचा सेनेचा माणूस बाणावर. डॉक्टर ५८,४८३ मतांनी निवडून आले. इथवर कागदावर बाण काढून दाखवता येतं. पुढे कागद फाटतो.

जून २०२२ च्या अखेरीला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि आढळरावांनी त्यांचं अभिनंदन केलं. लगेच 'सामना'त आढळरावांच्या हकालपट्टीची बातमी आली आणि त्याच दिवशी पक्षाने सांगितलं, की ती चुकून छापली गेली. आमच्या गावात त्या दिवशी पेपर सकाळी वाचणारे आणि दुपारी वाचणारे यांची भांडणं झाली. दोघांचंही खरं होतं. आढळराव पुढे शिंद्यांकडे गेलेच. २ जुलै २०२३ ला अजित पवारांनी शरद पवारांपासून फुटून राजभवनात शपथ घेतली, वळसे पाटलांनीही घेतली. शपथविधीला कोल्हे हजर होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, आपण शरद पवारांबरोबर. नावं ठेवणारे ठेवोत, मला यात डॉक्टरांचं कौतुक वाटतं. इतरांना भूमिका बदलून परत मूळ भूमिकेवर यायला पाच-दहा वर्षं लागतात. यांनी एका रात्रीत जाऊन-येऊन केलं, मुक्कामसुद्धा नाही.

मग २६ मार्च २०२४. मंचरला सभा. आढळराव पाटील अजित पवारांच्या राष्ट्रवादीत दाखल. ज्या घड्याळाविरुद्ध वीस वर्षं लढले, ते घड्याळ हातात. समोर कोल्हे, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. २०१९ ला ज्याने घड्याळाला मत दिलं होतं, त्याने आता करायचं काय? चिन्हाशी इमान राखलं तर माणूस बदलतो, माणसाशी राखलं तर चिन्ह बदलतं. आणि ज्याने पहिल्यापासून आढळरावांना मत दिलंय त्या बिचाऱ्याला जन्मात पहिल्यांदा घड्याळाचं बटण दाबायचं. आमच्या शेजारच्या एका आज्जींनी मतदानाच्या आदल्या दिवशी सुनेला विचारलं, "आता आपण कोणचे गं?" सून म्हणाली, "आपण आपलेच, आई. त्येच कोणाचे ते बघायचंय." डॉक्टर १,४०,९५१ मतांनी निवडून आले.

विधानसभेला तर आणखी मजा. वळसे पाटलांसमोर देवदत्त निकम. हे निकम २०१४ ला लोकसभेला राष्ट्रवादीचे उमेदवार होते, आढळरावांविरुद्ध. तेव्हा निकमांसाठी गावोगाव फिरणारे कार्यकर्ते २०२४ ला निकमांविरुद्ध फिरत होते, आणि ज्या आढळरावांना पाडायला ते तेव्हा फिरले, ते आता त्यांच्याच गाडीत पुढच्या सीटवर. वळसे पाटील १,५२३ मतांनी वाचले. निकमांच्याच नावाचा दुसरा एक अपक्ष उभा होता. त्याला या फरकापेक्षा जास्त मतं पडली. म्हणजे सगळ्यांनी सगळं बदललं, शेवटी निकाल लागला तो ज्याने नावही बदललं नव्हतं त्याच्यावर.

या सगळ्या काळात खरी भरभराट झाली ती फ्लेक्सवाल्याची. आमच्या भागातला एक फ्लेक्सवाला मला भारताच्या निवडणूक आयोगापेक्षा जास्त जाणकार वाटतो. कोण कुठे चालला हे त्याला आदल्या रात्री अकरा वाजता कळतं. शटर अर्धं ओढलेलं, आत मशीन घरघर करतंय, सॉल्व्हंटचा वास डोळ्यांत जातोय, आणि एक कार्यकर्ता मोबाईल पुढे करून उभा: "दादा, आपला वाढदिवसाचाच फ्लेक्स हाये ना, त्यातलं वरचं डोकं फकस्त बदला." वरचं डोकं म्हणजे सर्वोच्च नेते. त्यांच्या खाली राज्याचे, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे, आणि सगळ्यात खाली हात जोडलेले शुभेच्छुक, पासपोर्ट साइझ. फ्लेक्सवाला माउस फिरवत विचारतो, "हे मधले साहेब ठेवायचे का काढायचे?" कार्यकर्ता विचारात पडतो. बाहेर जाऊन फोन लावतो. परत येऊन म्हणतो, "ठेवा, पण जरा बारीक करा." साहेब पंधरा टक्के बारीक होतात. पुन्हा फोन वाजतो. पुन्हा पाच टक्के मोठे होतात. मी त्याला विचारलं, की जुन्या पक्षाच्या फाइली उडवत असशील ना, जागा किती अडत असेल. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बी-बियाणं जाळायला सांगतोय. "उडवतो कशाला? नाव बदलून ठेवतो. दोन वर्षांत लागती परत."

सगळं बदलतं म्हणावं, तर एका विषयावर आमच्याकडे कुणाची भूमिका आजवर बदललेली नाही. बैलगाडा. आंबेगाव, जुन्नर, खेड, शिरूर या पट्ट्यात बैलगाड्याच्या विरुद्ध बोललेला पुढारी मी अजून पाहिलेला नाही. बोलला असेल तर त्याला नंतर कुणीच पाहिलेला नसावा. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चढाचा घाट, गाड्याला धुरेचे दोन बैल, त्यांच्यापुढे जुकाटाचे दोन, आणि सगळ्यांच्या पुढे घोडी. घोडीवर स्वार. निशाण पडलं की भिर्रर्र! अकरा-बारा सेकंदांत बारी संपते, भंडारा उधळतो, आणि मग पुढचे दोन तास 'आपला गाडा अर्ध्या सेकंदाने कसा मागे पडला' याची चर्चा. नागापूरच्या थापलिंगला पौष पौर्णिमेला नवसाचे गाडे पळतात, ते बघायला पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पोरंही बरोबर आजारी पडतात.

या खेळावर जुलै २०११ मध्ये दिल्लीतून संक्रांत आली. केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार; पर्यावरण खात्याने बैलाला अस्वल, माकड, वाघ-सिंहांच्या खेळबंदीच्या यादीत घातलं. बैलाला मान मिळाला, काम गेलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रातल्या, आता भाजपच्या, सरकारने परवानगीची अधिसूचना काढली. पाच-सहा दिवसांत न्यायालयाने थांबवली. २०१७ ला विधिमंडळाने कायदा केला. उच्च न्यायालयाने अडवला. या दहा वर्षांत दिल्लीत कुणी का असेना, गल्लीत सगळे बैलाच्या बाजूला. ज्यांच्या आघाडीच्या सरकारने बैल यादीत घातला त्यांचीच माणसं बैल घेऊन मोर्च्यात पुढे. मोर्च्यात बैलाला मात्र कळत नसावं, की आपण कुणाचे. त्याच्या शिंगांना सगळ्यांचे रंग लावून झाले होते.

भूमिका एकच म्हटल्यावर भांडायचं कशावर? श्रेयावर. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर गुलाल. आमच्या चौकातच तीन फ्लेक्स, तिन्हींवर बैल, तिन्हींवर 'यांच्या अथक प्रयत्नांना यश'. फ्लेक्सवाल्याने तिन्हींना एकच बैल वापरला होता. न्यायाधीशांचा फोटो एकाही फ्लेक्सवर नव्हता. १ जानेवारी २०२२ ला लांडेवाडीच्या घाटात पहिली शर्यत ठरली. तयारी झाली, गाडेमालकांनी बैल टेम्पोत चढवले, आणि आदल्या दिवशी प्रशासनाने करोनाचं कारण देऊन परवानगी काढून घेतली. तेव्हा मुख्यमंत्री आढळरावांच्याच पक्षाचे होते आणि गृहमंत्री आमच्याच तालुक्याचे. एवढं सगळं आपलं असूनही बैल माघारी कसे आले, हे कोडं बैलांना अजून सुटलेलं नाही.

इथे पुन्हा डॉक्टरांचं नाव घ्यावं लागतं. खासदार व्हायच्या आधी त्यांनी शब्द दिला होता, की शर्यत सुरू झाली की बारीपुढे घोडी धरेन. विरोधकांनी त्यावर मनसोक्त टोमणे मारले. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात डॉक्टर खरोखरच घोडीवर बसले, मागे चार बैल, आणि घाट चढून गेले. निवडणुकीत दिलेला शब्द जसाच्या तसा पाळल्याचं हे उदाहरण आमच्याकडे इतकं दुर्मिळ, की लोक कित्येक महिने त्याचा व्हिडिओ फिरवत होते. मला विचाराल तर पुढाऱ्यांनी असेच शब्द द्यावेत. घोडीवर बसण्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, फक्त पडायचं नाही.

कांद्याचं तसं नाही. कांद्यावर सगळ्यांच्या भूमिका असतात आणि त्या सगळ्या खुर्चीच्या जागेवरून ठरतात. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने कांद्याची निर्यात थांबवली. तेव्हा कृषिमंत्री शरद पवार. विरोधात भाजप, शेतकऱ्याच्या बाजूने. सप्टेंबर २०१९ मध्ये भाजपच्या सरकारने थांबवली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा थांबवली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. विरोधात शरद पवारांची राष्ट्रवादी, शेतकऱ्याच्या बाजूने. डिसेंबर २०२३ मध्येच कोल्ह्यांनी शिवनेरीवरून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूला कायम कुणी ना कुणी असतंच. जो असतो त्याच्या हातात त्या वेळी सरकार नसतं, एवढंच. विधानसभेच्या तोंडावर, १३ सप्टेंबर २०२४ ला, केंद्राने किमान निर्यात किंमतीची अट हटवली, निर्यातशुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. निवडणुका जर दर सहा महिन्यांनी असत्या तर आमचा कांदा आज चंद्रावर गेला असता.

मात्र यात पुढाऱ्यालाच झोडपणं सोपं आहे. आमच्याच एका घराची गोष्ट सांगतो. वडील कळंबला, बराखीत चारशे-पाचशे गोणी कांदा. मुलगा चाकणला कंपनीत, राहायला मोशीला, दोन खोल्यांचा फ्लॅट. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वडील मार्केटची पावती टाकतात: दहा किलोला अमुक, गोळा इतका, गोल्टी इतकी, बदला इतका. आणि खाली लिहितात, 'सरकार झोपले आहे.' त्याच दिवशी सूनबाई मोशीच्या भाजीवाल्याच्या पाटीचा फोटो टाकतात, किलोला साठ, आणि खाली लिहितात, 'सरकार झोपले आहे.' एकाच घरातून, एकाच ग्रुपवर, एकाच सरकारला दोन्ही बाजूंनी झोपेतून उठवायचं चाललेलं असतं. मुलगा दोन्ही मेसेजला अंगठा देतो. दिवाळीत गावाला आल्यावर डिकीत दोन गोणी घालून नेतो, आणि तेवढ्यापुरता प्रश्न सुटतो. या घरात मत मागायला येणाऱ्या माणसाने कांद्यावर कोणती भूमिका घ्यावी? तो आपला वडिलांसमोर भाव वाढवतो आणि मोशीच्या सोसायटीत कमी करतो. दोन्ही ठिकाणी त्याला चहा मिळतो.

रेल्वेचंही असंच झालं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे आमच्या पट्ट्यातून जाणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकतोय की काही लोकांना आपण तिच्यातून प्रवास केल्यासारखं वाटतं. मोजणीवाले आले तेव्हा बागायती जमीन जाते म्हणून गावोगाव विरोध. पुढारी शेतकऱ्यांबरोबर बांधावर बसले, फोटो निघाले. मग अडचण निघाली ती खोडदच्या दुर्बिणीची. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, अवकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या. रेल्वेच्या विजेचा तिला त्रास होईल, म्हणून रेल्वेमंत्र्यांनी हा मार्ग बाजूला ठेवून अहिल्यानगर-शिर्डीकडचा पुढे केला. झालं! रेल्वे दुसरीकडे चालली म्हटल्यावर सगळा पट्टा एकदम तिच्या प्रेमात. काल बांधावर 'जमीन देणार नाही' म्हणणारेच आज 'रेल्वे आमच्या हक्काची' म्हणून निवेदनं देतायत. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचं ऐकू येणाऱ्या तबकड्या शेजारीच उभ्या आहेत. आमचं नक्की म्हणणं काय, ते त्यांनाही कळलं नसणार.

जुन्नरची बात आणखी निराळी. तिथले शरद सोनवणे २०१४ ला मनसेचे राज्यातले एकमेव आमदार होते. एकमेव असण्याचा कंटाळा आला असावा. २०१९ ला शिवसेनेकडून लढले, हरले, २०२४ ला अपक्ष निवडून आले. आमच्या भागात बिबट्याने माणसं मारली, लेकरं मारली, लोक रस्त्यावर उतरले, ते काही हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. ते सभागृहाला कळावं म्हणून डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून आले. त्याच जुन्नरमध्ये त्याआधी बिबट सफारी आमच्याकडेच झाली पाहिजे म्हणून सर्वपक्षीय जोर लागला होता, पर्यटन वाढेल म्हणून. बिबट्या एकच. पाहुणे बघायला येणार असतील तर आपला, उसात निघाला तर वनखात्याचा.

हे सारं आमच्याकडेच घडतं असा गैरसमज नको. १९९५ ला युतीने एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणून मतं मागितली, सत्तेत आल्यावर करार रद्द केला, वर्ष सरायच्या आत वाटाघाटी केल्या, आणि प्रकल्प आधीपेक्षा थोडा मोठा होऊन दाभोळला उभा राहिला. २०२२ च्या जुलैत पंतप्रधानांनी रेवडी वाटण्याच्या संस्कृतीविरुद्ध देशाला सावध केलं. २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात त्यांच्याच महायुतीची लाडकी बहीण, महिना १,५००. विरोधक म्हणाले, तिजोरी रिकामी होईल. मग महायुतीने २,१०० चं आश्वासन दिलं. विरोधकांनी जाहीरनाम्यात ३,००० लिहिले. तिजोरीची काळजी होती ती सगळ्यांची मिळून दुप्पट झाली. निकालानंतरही हप्ता १,५०० चाच येत राहिला आणि आमच्या मावश्यांनी उरलेल्या सहाशेंचा हिशेब अजून मिटवलेला नाही.

गोव्याची तर गोष्टच न्यारी. तिथे २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा, तिन्हीकडे नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या. सप्टेंबरात आठ आमदार भाजपमध्ये. त्यांतल्या दिगंबर कामतांनी सांगितलं, की आपण देवाला विचारलं होतं. देवाची हरकत नव्हती म्हणे. आमच्याकडे एवढ्यासाठी देवाला कुणी उठवत नाही. आमच्याकडे विचारायचंच झालं तर कावळ्याला विचारतात.

हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. आंबेगाव-जुन्नरमध्ये राजकारणाची खरी जागा सभा नाही, दशक्रिया आहे. माणूस गेला की दहाव्याला नदीच्या घाटावर मंडप, हजारभर माणूस, हरिभक्तपरायण कुणाचं तरी प्रवचन, आणि मग श्रद्धांजल्या. सगळ्या पक्षांचे येतात, कारण हजार माणसं विनाखर्च एका जागी दुसरीकडे मिळत नाहीत. श्रद्धांजलीत पहिलं वाक्य गेलेल्या माणसाबद्दल असतं, शेवटचंही असतं. मधलं सगळं कालवा, कारखाना आणि रेल्वेबद्दल. निवेदक बिचारा नावापुढे पक्ष सांगायच्या भानगडीत पडत नाही. नुसतं म्हणतो, "तालुक्याचे लाडके नेते." ते कधी चुकत नाही.

तर गावात एक किस्सा सांगतात. खरा-खोटा कावळ्याला ठाऊक. एका आबांच्या दशक्रियेला घोडनदीच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोर बाभळीवर बसून नुसता बघतोय. अर्धा तास गेला. आबांची काहीतरी इच्छा राहिली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "आबा, लेकरांची शिक्षणं पुरी करीन." कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, "आबा, भावकीत भांडणार नाय." कावळ्याने मान फिरवली. पहिल्या रांगेत एक साहेब बसले होते, त्यांना पुढच्या गावच्या दशक्रियेला जायचं होतं. ते उठले, नदीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "आबा, काळजी करू नका. डिंभ्याचं आवर्तन वेळेवर येईल." काहीच नाही. "कांद्याला हमीभाव मिळवून देऊ." कावळा एक फांदी वर गेला. "रेल्वे इथूनच जाईल, आबा, हा माझा शब्द आहे." कावळा उडून पलीकडच्या काठावर.

शेवटी आबांची म्हातारी बायको मागून पुढे आली. पिंडासमोर बसली आणि म्हणाली, "आवं, ह्या पोरांना वावर इकू देणार नाय मी. या आता." कावळा थेट पिंडावर.

मंडपात माणसं उठायला लागली, चपला शोधायला लागली. साहेबांनी गाडीत बसता बसता पीएला विचारलं, "म्हातारी काय म्हणाली रे नक्की?" पीएने सांगितलं. साहेबांनी काच खाली केली, क्षणभर विचार केला. "लिहून घे. पुढच्या ठिकाणी आपली भूमिका: वावर कुणी विकायचं नाही."

"आन् रेल्वे, साहेब?"

"ती इथूनच न्यायची."